स्पिती खोरे: ६८ वर्षांच्या आईला घेऊन कोणत्या वाटेने जावे?

सोनकी
नमस्कार. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझा नवरा आणि माझी आई असे तिघे हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात जाण्याचा विचार करत आहोत. आईचे वय ६८ आहे. रक्तदाबाची एक गोळी रोज चालू असते आणि गुडघे अधूनमधून कुरकुरतात, पण सकाळचे पाऊण तासाचे चालणे ती चुकवत नाही. तिने सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला आणि हिमालयाच्या जागी एके काळी समुद्र होता, हे दर वर्षी नव्या वर्गाला समजावून सांगितले. त्या समुद्रातील जिवांचे अवशेष लांगझा गावाच्या आसपास आजही सापडतात, हे कळल्यापासून तिने दुसऱ्या कोणत्याही सहलीचे नाव काढलेले नाही.

आमच्या हाताशी पुण्याहून निघून पुण्याला परत येईपर्यंत बारा दिवस आहेत. मनालीहून काझा, म्हणजे स्पितीचे मुख्य गाव, सुमारे दोनशे किलोमीटर आहे, तर शिमला आणि किन्नौरमार्गे ते अंतर जवळजवळ दुप्पट होते. एका सहल कंपनीने मनाली, चंद्रताल हा तलाव, काझा आणि पुन्हा मनाली असा सात दिवसांचा कार्यक्रम आखून दिला आहे आणि उरलेल्या दिवसांत आणखी एखादे ठिकाण उरकता येईल असे सुचवले आहे. वाट कोणती धरावी, आणि मुळात आईला न्यावे का, या दोन्ही प्रश्नांवर जाऊन आलेल्यांचे मत हवे आहे.

रानवारा
माझे मत स्पष्टपणे मनालीच्या बाजूने आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा घाट चढावा लागत नाही आणि पहाटे निघाल्यास संध्याकाळी काझात पोहोचता येते. आम्ही चौघे गेल्या वर्षी याच वाटेने जाऊन पाच रात्रींत परत आलो आणि किरकोळ डोकेदुखीपलीकडे कोणालाही काही झाले नाही. ग्राम्फूनंतर रस्ता अतिशय खराब आहे हे खरे. पण वयस्कर माणसाला चार दिवस गाडीत बसवण्यापेक्षा एक दिवस कष्टाचा काढणे बरे, असे मला वाटते. चंद्रा नदीच्या काठाने कुंझुम खिंडीपर्यंतचा प्रवास चुकवू नये असा आहे.

कातळकडा
रानवारा यांच्याशी मी पूर्णपणे असहमत आहे आणि त्याचे कारण सविस्तर लिहितो.

आम्ही आठ जण तीन वर्षांपूर्वी असाच सात दिवसांचा कार्यक्रम घेऊन गेलो होतो. सकाळी मनालीत नाश्ता केला आणि संध्याकाळी चंद्रतालजवळच्या तंबूंत उतरलो. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २०५० मीटर उंचीवर आहे आणि चंद्रताल सुमारे ४२५० मीटर, म्हणजे एका दिवसात आम्ही बावीसशे मीटर वर जाऊन झोपलो. आमच्यातला सर्वांत दणकट गडी ५१ वर्षांचा होता. सह्याद्रीतला एकही अवघड किल्ला त्याने सोडलेला नव्हता. संध्याकाळी त्याने जेवणाला नको म्हटले, तेव्हा गाडी लागली असेल असे आम्ही समजलो. रात्री अकराच्या सुमारास तो तंबूबाहेर गेला आणि परत येताना दोन पावले सरळ टाकू शकेना. दोर पायात अडकल्यासारखा तो जागच्या जागी डुलत होता आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देत होता. तिथे फोन लागत नाही. आमचा चालक स्पितीचाच होता. त्याने एकदाच त्याच्याकडे पाहिले, गाडीची किल्ली काढली आणि सकाळपर्यंत थांबायचे नाही, एवढेच सांगितले. त्या रस्त्याने आम्ही रात्रभर खाली उतरत राहिलो आणि सिस्सूच्या जवळ आल्यावर मित्राने स्वतःहून पाणी मागितले. आज तो ठणठणीत आहे, परंतु ज्यांनी तो कार्यक्रम आखला होता त्यांच्यापैकी कोणीही निघण्यापूर्वी विरळ हवेविषयी अवाक्षर काढले नव्हते.

आपल्याकडच्या भटक्यांचा एक गैरसमज होतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे मनालीचा बाजारच त्याहून चारशे मीटर उंच आहे. आपण सह्याद्रीत कितीही चढलो तरी विरळ हवेचा सराव होत नाही. होतो तो पायांचा.

सोनकी
कातळकडा, हे वाचून रात्री झोप लागली नाही. कंपनीचा कार्यक्रम मी आजच नाकारला. पण मग आईला नेण्याचा विचारच सोडून द्यावा का?

उंबरठा
होय, सोडून द्यावा, असेच मी म्हणेन. काझाचे रुग्णालय लहान आहे आणि मोठे उपचार लागले तर शिमला किंवा चंदीगड गाठावे लागते. शिवाय किन्नौरची वाट काही निर्धोक नाही. ११ ऑगस्ट २०२१ रोजी निगुलसरीजवळ कोसळलेल्या दरडीत राज्य परिवहनाची बस सापडली आणि अनेक जीव गेले. वरंधा आणि आंबेनळी घाटांतल्या दरडी आपण दर पावसाळ्यात पाहतो, तरीही सतलजच्या त्या कड्यांखालून जाताना छातीत धडकी भरते. अडुसष्टाव्या वर्षी हे सगळे कशासाठी करायचे?

पांथस्थ७२
उंबरठा यांची काळजी मी समजू शकतो, पण त्यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्या वयाच्या माणसाने द्यावे म्हणून लिहितो. मी गेल्या वर्षी सत्तराव्या वर्षी स्पितीला जाऊन आलो. मुलगा आणि सून दोघेही नको म्हणत होते आणि ते एकमेकांशी माझ्याविषयी अशा प्रकारे चर्चा करत होते, जणू मी न्यायचे की ठेवायचे असे सामान आहे. सोनकी, कृपया आईला हा धागा वाचायला द्या. कातळकडा यांचा प्रतिसादही द्या. धोका काय आहे हे त्यांना पूर्णपणे कळू द्या आणि मग निर्णय त्यांनाच घेऊ द्या.

वाटेबद्दल माझा अनुभव असा की चार दिवसांचा प्रवास म्हाताऱ्या माणसाला जड जात नाही. जड जाते ती घाई. दिवसाला सहा-सात तासांहून अधिक गाडीत बसायचे नाही, दुपारचे जेवण रस्त्यात उभ्याने उरकायचे नाही आणि संध्याकाळी उजेड असताना मुक्कामाला पोहोचायचे, एवढे पाळले तर शरीर साथ देते.

मिरजेचा_वैद्य
वैद्यकीय बाजू थोडक्यात लिहितो. वयाने स्वतःहून हा त्रास वाढत नाही. तरुण माणसे अधिक वेगाने वर जातात आणि त्रास अंगावर काढतात, म्हणून पुष्कळदा तीच आधी आडवी होतात. काझाच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ३६५० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. शरीर त्याला जुळवून घेते, पण त्यासाठी दिवस लागतात आणि त्या दिवसांना पर्याय नाही. सर्वमान्य नियम असा आहे की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी. महत्त्व झोपण्याच्या उंचीला आहे. दिवसा थोडे वर जाऊन खाली झोपायला आलात तर उलट फायदाच होतो.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारात डायमॉक्स या नावाने मिळणारी गोळी, १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. मात्र ती शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलणे अनिवार्य आहे. डोकेदुखी, मळमळ आणि भूक मंदावणे दिसले की तिथेच थांबायचे, वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काहीही दिसले तर त्या क्षणी खाली उतरायचे. कातळकडा यांच्या चालकाने नेमके तेच केले आणि मित्र वाचला. बाजारात मिळणारा प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. त्याच्या भरवशावर वर राहू नये.

रक्तातला प्राणवायू मोजणारे, बोटाला लावायचे यंत्र जवळ ठेवा, पण तिथे ९० च्या आसपास किंवा किंचित खाली आकडा दिसला म्हणून घाबरून जाऊ नका. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा.

कातळकडा
वैद्यांनी सांगितलेला नियम शिमल्याच्या वाटेला लावून पाहिला, तर ती वाट जिन्याच्या पायऱ्यांसारखी निघते. सराहन सुमारे २१५० मीटर, कल्पा सुमारे २९५० मीटर, ताबो सुमारे ३२८० मीटर आणि काझा सुमारे ३६५० मीटर. मध्ये फक्त नाको हे गाव ३६०० मीटरच्या वर आहे आणि बहुतेक कार्यक्रमांत कल्पानंतरचा मुक्काम तिथेच घातलेला असतो. तो टाळा. नाकोच्या तळ्याकाठी दुपारी तासभर थांबा, जेवा आणि ताबोला उतरून झोपा. कल्पात दोन रात्री काढा. समोर ६०५० मीटरचे किन्नर कैलास आहे, त्यामुळे वेळ कसा घालवायचा हा प्रश्न पडत नाही.

परतीचीही वाट तीच ठेवा. कुंझुममार्गे मनालीला उतरण्याचा मोह होतो, पण सप्टेंबरच्या उत्तरार्धात तिथे केव्हाही बर्फ पडू शकतो. जुलै २०२३ मध्ये तर ऐन पावसाळ्यात बर्फ पडून चंद्रतालच्या तंबूंत दोनशेहून अधिक पर्यटक अडकले होते आणि रस्त्यावरचे बर्फ हटवून त्यांना बाहेर काढावे लागले.

रानवारा
उंचीचे आकडे असे शेजारी शेजारी मांडून मी कधी पाहिले नव्हते. आम्हाला काही झाले नाही, हा आमचा चांगला योग होता, असे आता म्हणावे लागेल. सोनकी यांच्या आईंसाठी किन्नौरची वाटच योग्य आहे. माझा पहिला सल्ला मी मागे घेतो.

भूस्तर
शाळेत भूगोल शिकवलेल्या बाई लांगझाला येणार, म्हणून मुद्दाम लिहितो. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत युरेशियाला भिडण्यापूर्वी या दोहोंमध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला गाळ पुढे उचलला गेला आणि आज तो स्पितीच्या डोंगरांत थरांच्या रूपाने दिसतो. तिथल्या काळसर, ठिसूळ शेल खडकाच्या थरात वाटोळे गोटे सापडतात आणि ते फुटले की आत अमोनाइटचे गुंडाळलेले कवच दिसते. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा तो सागरी जीव होता. आपल्या देवघरातला नेपाळच्या गंडकी नदीतून आलेला शाळिग्राम पाहा. त्यातले चक्र पुष्कळदा याच अमोनाइटची खूण असते. ज्या बाईंनी हा समुद्र शिकवला, त्यांच्या घरात कदाचित त्याचा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या पुजला जात असेल.

एक कळकळीची विनंती आहे. गावातली मुले हे दगड विकायला आणतात. ते विकत घेऊ नका आणि डोंगरातून उचलूनही आणू नका. हातात घेऊन पाहा, छायाचित्र काढा आणि जागच्या जागी ठेवा. आपल्या दिवाणखान्यात आणलेल्या प्रत्येक कवचाबरोबर ते कोणत्या थरात होते, ही माहिती कायमची नष्ट होते.

चांदणवेल
मी दोन उन्हाळे स्पितीतील एका गावात शिकवण्याच्या कामासाठी राहिले आहे, म्हणून राहण्याविषयी आणि पाण्याविषयी लिहिते, कारण धाग्यात आतापर्यंत आपल्या शरीराची चिंता झाली, त्या खोऱ्याची झाली नाही.

स्पिती पर्जन्यछायेत आहे. तिथले पाणी म्हणजे डोंगरावरचे बर्फ. ते वितळून कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाटांतून शेतात येते आणि कोणाच्या शेताला कधी पाणी मिळणार, हे गाव ठरवते. मी ज्या घरात राहत होते, तिथल्या आमा, म्हणजे घरातल्या वयस्कर बाई, पहाटे पाटाचे दार उघडायला जात असत. दगड बाजूला सरकवायचा, चिखलाचा बांध हाताने मोडायचा आणि पाणी मटारच्या सरीत शिरले की काठावर बसून राहायचे. तो हिरवा मटार म्हणजे त्यांच्या वर्षाचे रोख उत्पन्न. ज्या वर्षी हिवाळ्यात बर्फ कमी पडते, त्या वर्षी पुढच्या उन्हाळ्यात हे पाणी पुरत नाही. अशा गावात एखादा पाहुणा दोन वेळा गरम पाण्याने आंघोळ मागतो, तेव्हा तो नेमके काय मागतो हे त्याला माहीत नसते.

गावातले पारंपरिक शौचालय कोरडे असते. वरच्या मजल्यावर जमिनीत चौकोनी भोक, कोपऱ्यात माती किंवा राखेचा ढीग आणि एक फावडे. काम झाले की वरून माती ढकलायची, पाणी टाकायचे नाही. वसंतात ते खत शेतात जाते. दुर्गंधी जवळजवळ नसते, पण उकिडवे बसावे लागते, आणि सोनकी यांच्या आईंचे गुडघे दुखतात. तेव्हा ताबो आणि काझात कमोड असलेली खोली आधी विचारून घ्या. लांगझाला मात्र मुक्काम न करता दिवसा जाऊन या.

घरी राहण्याची संधी मिळाली तर स्वयंपाकघरात बसा. तिथे मधोमध लोखंडी शेगडी असते, तिला ते तंदूर म्हणतात, आणि घरातले सगळे तिच्याभोवती बसतात. थुक्पा, म्हणजे नूडल्सचे सूप, आणि तिमो, म्हणजे वाफवलेला पाव, वयस्कर माणसांना चांगले पचतात. भेटल्यावर जुले म्हणा, निरोप घेतानाही जुलेच म्हणा.

उंबरठा
चांदणवेल यांचा प्रतिसाद वाचून माझ्या मनातली मूळ शंका अधिकच गडद झाली. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण लाहौल-स्पिती जिल्ह्याची लोकसंख्या ३१,५६४ होती. एवढ्या विरळ वस्तीच्या, पाण्याची ओढ असलेल्या प्रदेशात आपण उन्हाळाभर गाड्यांच्या रांगा लावणे योग्य आहे का?

चांदणवेल
हा प्रश्न मी तिथल्या लोकांनाही विचारला होता. ज्या आमांकडे मी राहत होते, त्यांची मुलगी चंदीगडला शिकत होती आणि तिचा खर्च मटार आणि पाहुणे या दोहोंवर चालत असे. पाहुणे नकोत असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांची तक्रार वेगळी होती: लोक दहा मिनिटांसाठी येतात, अतिउंचावरचे म्हणून प्रसिद्ध असलेल्या हिक्कीमच्या टपालघरासमोर उभे राहून छायाचित्र काढतात, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकतात आणि गावात एक कप चहासुद्धा न घेता निघून जातात. त्यामुळे माझे मत असे की जावे, कमी गावे पाहावीत, तिथे जास्त रात्री राहावे आणि प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा आपल्या पिशवीतून परत आणावा.

नर्मदाकाठ
माझ्याकडे अमेरिकी पारपत्र आहे. मला वेगळा परवाना लागेल का?

कातळकडा
होय. भारतीय नागरिकांना लागत नाही, पण परदेशी पारपत्र असणाऱ्यांना रेकाँग पिओकडून सुमदोमार्गे काझाला जाताना इनर लाइन परवाना, म्हणजे सीमेजवळच्या भागात प्रवेशाची परवानगी, लागते.

पांथस्थ७२
ताबोविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून एवढे सांगतो. तो मठ इ. स. ९९६ मधला आहे. बाहेरून मातीच्या बुटक्या भिंती दिसतात आणि कोणीही सहज पुढे निघून जाईल. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटे काहीच दिसत नाही. तिथेच शांत उभे राहावे. हळूहळू भिंतींतून पुढे आलेल्या मूर्ती दिसू लागतात, मग त्यांच्यामागचे रंग, आणि मग लक्षात येते की आपण चारही बाजूंनी चित्रांनी वेढलेले आहोत. आत छायाचित्र काढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. १९७५ च्या भूकंपाचा फटका बसूनही या मातीच्या भिंती उभ्या राहिल्या. ताबोला दोन रात्री राहा. शरीरालाही ते लाभेल.

सोनकी
सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. आईला संपूर्ण धागा वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला, कातळकडा यांच्या प्रतिसादावर बराच वेळ थांबली आणि म्हणाली, 'मला त्रास झाला तर मी लपवणार नाही, आणि तुम्ही परत फिरायचे ठरवलेत तर वाद घालणार नाही.' डॉक्टरांनी तिची तपासणी करून गोळीचे प्रमाण ठरवून दिले आहे. सराहन, कल्पात दोन, ताबोला दोन आणि काझात तीन रात्री, परत त्याच वाटेने, असे ठरले.

सोनकी
काल परत आलो, म्हणून लगेच लिहिते आहे. किन्नौरमध्ये सफरचंदांचा हंगाम जोरात होता आणि पेट्यांनी भरलेल्या ट्रकांमुळे दोन ठिकाणी तास-दीड तास थांबावे लागले. मलिंगजवळही रस्त्यावर दगड आले होते आणि यंत्राने वाट मोकळी करेपर्यंत आम्ही थांबलो. त्यामुळे ताबोला पोहोचताना अंधार पडला, हे एक पथ्य पाळता आले नाही. काझातल्या पहिल्या रात्री डोके दुखले ते माझ्या नवऱ्याचे. दुसऱ्या दिवशी लांगझाला जाण्याचे ठरले होते, ते रद्द करून आम्ही काझातच बसून राहिलो आणि संध्याकाळपर्यंत त्याला बरे वाटले. आईचा आकडा ८८ च्या खाली गेला नाही.

तिसऱ्या दिवशी लांगझाला गेलो. गावातल्या एका शाळकरी मुलीने तळहातावर अमोनाइट धरून दाखवले, साधारण लिंबाएवढे. आईने विकत घेणार नाही असे आधीच सांगितले, मग तिच्या शेजारी दगडावर बसून धुळीत बोटाने दोन भूखंड काढले आणि मध्ये समुद्र काढला. मुलीला तो धडा आधीच शाळेत झालेला होता. तिने आईच्या चित्रात लांगझा कुठे येते, त्या जागी ते कवच ठेवले. बराच वेळ दोघी बोलत बसल्या आणि नंतर मुलीच्या घरी आम्ही चहा घेतला.

रानवारा
वाचून फार आनंद झाला. मी पुढच्या जूनमध्ये माझ्या वडिलांना याच वाटेने नेणार आहे. ताबोला कमोड असलेली खोली कुठे मिळाली आणि रात्री किती थंडी होती, हे कृपया सांगाल का?

सोनकी
मठाजवळच्या एका लहान निवासात मिळाली. फोन करून आधी विचारले होते आणि तळमजल्यावरची खोली मागून घेतली होती. रात्री दोन रजया पुरल्या, पण पहाटे नळाला पाणी नव्हते, म्हणून रात्रीच बादली भरून ठेवा. वडिलांसाठी लोकरीचे मोजे दोन जोड न्या आणि रोख रक्कम रेकाँग पिओतच काढून ठेवा.